वाडा विकण्याआधी आणि प्लॉट घेण्याआधी

चिटणीस की गोठ, महाडिक की गोठ, निंबाळकर की गोठ. लष्करातली ही नावे ऑटोवालाही जाणतो. मूळ शब्द आपला. गोट म्हणजे फौजेचा तळ. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी इथे छावणी टाकली, छावणीचेच पुढे शहर झाले, आणि ज्या सरदाराचा, ज्या मुत्सद्द्याचा गोट जिथे पडला तिथे त्याच्या नावाची वस्ती राहिली. हिंदीने गोटाची गोठ केली आणि जाता जाता पुल्लिंगाचे स्त्रीलिंगही करून टाकले. त्याबद्दल तक्रार नाही. दोनशे वर्षे एकत्र राहिल्यावर एवढे चालायचेच. प्रश्न वेगळा आहे. नावे आहेत, पण त्या गल्ल्यांत मराठी दारे किती उरली? ज्याने त्याने एका संध्याकाळी चक्कर मारून आपल्यापुरती मोजदाद करावी.

आपल्या समाजात सध्या दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. एकीकडे जुने वाडे विकले जात आहेत, बहुधा घाईने आणि बहुधा पडत्या किमतीला. दुसरीकडे त्याच घरांतली पन्नाशी-साठीची मंडळी, एजी ऑफिसातून, शाळा-कॉलेजांतून, बँकांतून निवृत्त झालेली, हातात फंडाचे पैसे घेऊन विचारत आहेत, "अहो, कुठे एखादा प्लॉट बघायला हवा. बँकेत ठेवून काय मिळते?" घरात पैसा गुंतवायला सुरुवात कशी करावी, मिळकत शोधावी कुठे, हा प्रश्न गणपतीच्या मांडवात आणि कोजागिरीच्या दुधाबरोबर इतक्या वेळा कानावर आला की त्याचे उत्तर या पत्रिकेतच सविस्तर द्यावे असे ठरवले. राजकारणाच्या पत्रिकेत घरे-प्लॉट कशाला, असे काहींना वाटेल. ज्या वॉर्डात आपले दार नाही तिथे आपले मत नाही, आणि जिथे मत नाही तिथे आपले गाऱ्हाणे ऐकायला कुणी येत नाही, इतकाच त्याचा संबंध आहे. नारायण कृष्ण शेजवलकर आणि पुढे त्यांचे चिरंजीव विवेक शेजवलकर हे दोघेही या शहराचे महापौर झाले, खासदार झाले. त्यांचा पक्ष तुम्हाला पटो वा न पटो, मराठी माणूस या शहरात त्या जागांवर बसू शकला, कारण त्याचा समाज इथे घरे करून राहत होता.

तर सुरुवात कुठून करायची? माझे उत्तर अनेकांना निराश करील. आधी स्वतःच्या घराच्या कागदांपासून.

१९५६ साली मध्य भारत जाऊन नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि ग्वाल्हेरची समजूत काढण्यासाठी काही मोठी कार्यालये इथे दिली गेली. राजस्व मंडळ आले, भू-अभिलेख आयुक्तांचे कार्यालय आले. म्हणजे सबंध प्रांताच्या जमिनीचे दप्तर आपल्या मोती महालाच्या परिसरात, त्या दप्तरात आपल्यापैकी कितीकांचे वडील-काका नोकरीला, आणि आपल्याच वाड्याचे नामांतरण मात्र आजोबांच्या नावापुढे सरकलेले नाही! घरपट्टीची पावती एका काकांच्या नावे, विजेचे बिल दुसऱ्यांच्या, नळ तिसऱ्यांचा. कुणी पुण्याला, कुणी इंदूरला, कुणी न्यू जर्सीला. अशा घराला बाजारात निम्मी किंमत येते, आणि उरलेली निम्मी ज्याच्या खिशात जाते त्याचा धंदाच तो असतो. तो एका हिस्सेदाराला गाठतो, बहुधा जो सर्वांत दूर आहे किंवा ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याला, त्याचा हिस्सा लिहून घेतो आणि मग बाकीच्यांना म्हणतो, आता तुम्हीही द्या.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २२ व्या कलमानुसार वारसांपैकी एखादा आपला हिस्सा विकायला निघाला तर बरोबरच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. त्रयस्थाने हिस्सा घेतलाच, तरी राहत्या घरात कुटुंबाबरोबर सामाईक ताबा तो मागू शकत नाही. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात, ४४ व्या कलमात तसे लिहिले आहे. आणि त्याने वाटणीचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटणी कायद्याचे चौथे कलम घरच्यांना त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याची मुभा देते. ही कलमे पाठ करायची गरज नाही. पण "एकाने विकले म्हणजे सगळे संपले" असे सांगत कुणी दारात आला तर त्याला चहा पाजून परत पाठवता यावे, एवढी तरी माहिती हवी.

यातून एक गोष्ट निघते, आणि तीच मला या लेखात सर्वांत महत्त्वाची वाटते. गुंतवणूक म्हणून घर शोधणाऱ्या आपल्या माणसाला पहिली मिळकत शोधायला शहराबाहेर जायचे कारणच नाही. ती त्याच्या चुलतभावाच्या नावावर आहे. पुण्यातल्या भावाला वाड्यातला तिसरा हिस्सा म्हणजे डोकेदुखी. तुम्हाला तो हिस्सा म्हणजे अर्धे घर पूर्ण होणे. तोच हिस्सा दलालाला जाणार असेल तर योग्य भाव देऊन तुम्ही घ्या. ज्याचा इतिहास तुम्हाला चार पिढ्यांचा ठाऊक आहे, ज्याची भिंत कुठे फुगली आहे हे माहीत आहे, अशी दुसरी मिळकत या शहरात तुम्हाला कोण दाखवणार?

मात्र हे करताना बहिणींना वगळू नका. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले आहे. "ताईने भाऊबीजेला तोंडी सोडले होते" हे कागदावर टिकत नाही. हक्कसोडपत्र रजिस्टर व्हावे लागते, आणि ते मागण्याआधी तिला तिच्या हिश्श्याची किंमत सांगणे हे सभ्यपणाचे आहे. आपल्या घरांतले बरेच दावे पैशापेक्षा न विचारल्याच्या रागातून उभे राहिले आहेत.

वाड्याचे दुसरे दुखणे किरायेदार. जुने किरायेदार १९६१ च्या मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियमाच्या छायेखाली बसले आहेत. भाडे म्हणावे तर महिन्याला मिठाईच्या एका डब्याचे. बाराव्या कलमातली कारणे सिद्ध केल्याशिवाय जागा रिकामी होत नाही आणि दावा मुलाच्या मुंजीत सुरू झाला तर त्याच्या लग्नापर्यंत चालतो. पण याच कायद्यात १९८३ साली एक वेगळे प्रकरण घातले गेले. घरमालक निवृत्त सरकारी नोकर असेल, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री असेल, अपंग असेल, तर स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी त्याला दिवाणी न्यायालयाऐवजी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि तिथली प्रक्रिया त्या मानाने आटोपशीर आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत निवृत्त सरकारी नोकर नाही असे घर शोधावे लागेल. तरीही ही वाट फार थोड्यांनी धरली आहे. ज्याला दावा नको त्याने किरायेदाराशी बसून बोलावे, त्याला काही रक्कम द्यावी, लेखी करून जागा मोकळी करून घ्यावी. आपल्याच जागेसाठी पैसे द्यायचे हे मनाला लागते खरे. पण वीस वर्षे वकिलाला देण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

आता हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा सिटी सेंटरच्या बाजूला ४० लाखांचा फ्लॅट घेतला. मध्य प्रदेशात शहरी हद्दीत मुद्रांक आणि नोंदणी मिळून साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातात, म्हणजे पाच लाख. घर पडले ४५ लाखांना. (पत्नीच्या नावे रजिस्ट्री केली तर नोंदणी शुल्कात दोन टक्के सूट आहे, म्हणजे ऐंशी हजार वाचतात. आपल्या घरांतल्या स्त्रियांच्या नावावर मिळकत येण्याला सरकारने दिलेले हे आमिष मला मनापासून आवडते.) भाडे समजा महिना नऊ हजार. वर्षात एक महिना घर रिकामे धरले तर ९९ हजार आले. घरपट्टी, सोसायटीचा खर्च, रंग, नळ-दुरुस्ती यांत एकोणीस हजार गेले. हातात ऐंशी हजार. पंचेचाळीस लाखांवर ऐंशी हजार म्हणजे वर्षाला पावणेदोन टक्के! बँकेत हीच रक्कम साडेसहा टक्क्यांनी ठेवली तर दोन लाख नव्वद हजारांच्या वर मिळते. आणि त्यातले ३० लाख साडेआठ टक्क्यांच्या, वीस वर्षांच्या कर्जाने उभे केले असतील तर हप्ता सव्वीस हजारांचा. भाडे नऊ, हप्ता सव्वीस. सतरा हजार दर महिन्याला पेन्शनीतून.

फ्लॅट घेऊच नये असे मी म्हणत नाही. किंमत वर्षाला पाच टक्क्यांनी वाढली तर हिशेब बसतो, सातने वाढली तर चांगला बसतो. पण ती वाढ ही आशा आहे, भाडे ही वस्तुस्थिती आहे, आणि साठीनंतर माणसाने आशेवर किती आणि वस्तुस्थितीवर किती जगावे हे त्याने ठरवावे.

आता दुसरा हिशेब. लष्करातल्या जुन्या घराचा मागचा सोपा वर्षानुवर्षे अडगळीने भरलेला आहे. तो मोकळा करून दोन खोल्या, त्यांना जोडून न्हाणी-संडास, वेगळा मीटर, वेगळे दार. समजा सहा लाख खर्च आला. दोन्ही खोल्यांचे मिळून सात हजार भाडे आले, तर वर्षाचे ८४ हजार झाले. एखादा-दुसरा महिना रिकामा गेला, थोडी डागडुजी झाली, तरी दहा-अकरा टक्के सुटतात. रजिस्ट्री नाही, दलाली नाही, कुणाचे कागद तपासणे नाही. लक्ष्मीबाई कॉलनी, फूलबाग, पडाव या भागांत क्लासेससाठी भिंड, मुरैना, दतियाहून मुले येतात आणि त्यांना खोल्या लागतात. जुन्या लष्करात जिथे मोटारसायकल आत ठेवता येते अशी खोली रिकामी राहत नाही. घरात तरुण सून-मुली आहेत, परकी मुले कशी ठेवावीत, हा आक्षेप मी ऐकला आहे. मग मुलींना ठेवा. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलींना घरगुती, सुरक्षित जागा मिळणे अवघडच असते, आणि आपल्या घरातल्या आजीचा जो धाक असतो तो कुठल्याही वसतिगृहाच्या वॉर्डनला जमणार नाही.

नवीन किरायेदार ठेवताना करार लेखी करा, पोलीस ठाण्यात माहिती द्या. अकरा महिन्यांच्या कराराबद्दल एक गैरसमज मात्र काढून टाका. वर्षावर्षाने चालणाऱ्या किंवा वर्षाहून लांब भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते म्हणून लोक अकरा महिने लिहितात. बारावा महिना उजाडला की जागा आपोआप रिकामी होते असा त्याचा अर्थ नाही. ताबा सोडवायचा तर कायद्याच्याच वाटेने जावे लागते, म्हणून माणूस पारखणे आधी, कागद नंतर.

हे सगळे करूनही ज्यांना बाहेर मिळकत घ्यायची आहे त्यांनी कुठे बघावे? माझे मत स्पष्ट आहे. वसलेल्या वस्तीत, उभे असलेले, कुणीतरी राहून गेलेले लहान घर बघावे. थाटीपूर, गोविंदपुरी, विनय नगर, आनंद नगर, दीनदयाळ नगर या भागांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घर केलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत, मुले बंगळूरला आहेत, आणि ती घरे विकायची आहेत. त्यांच्या जाहिराती क्वचितच दिसतात. अशी घरे पायी फिरून मिळतात. एक वस्ती निवडावी, एकच, आणि तीन-चार महिने तिथे सकाळी फिरायला जावे. इस्त्रीवाला, दूधवाला, कोपऱ्यावरचा किराणा, कॉलनीतल्या देवळाचा पुजारी यांना दलालाच्या आधी सगळे ठाऊक असते. कुठल्या घरात वर कुलूप आहे, कुणाचा मुलगा येऊन आई-वडिलांना घेऊन जाणार आहे. गृहनिर्माण मंडळाने किंवा विकास प्राधिकरणाने दिलेले घर असेल तर कागदांची साखळी सहसा सरळ असते. फक्त ते लीजवर आहे की फ्रीहोल्ड झाले आहे, आणि लीजचे भाडे थकले नाही ना, हे त्या कार्यालयातून लिहून घ्यावे. घर दोनदा बघावे, एकदा मे महिन्यात, एकदा भर पावसात. तिघऱ्याचे पाणी उन्हाळ्यात किती वेळ येते आणि श्रावणात गल्लीचे पाणी कुठून जाते, या दोन गोष्टी कुठलाही दलाल खऱ्या सांगत नाही.

बँकांच्या लिलावातली घरे स्वस्त दिसतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. नोटिशीत 'सांकेतिक ताबा' असे लिहिले असेल तर आत कर्जदार बसलेला आहे आणि त्याला उठवण्याची कटकट तुमच्याही गळ्यात पडू शकते, असे समजा.

आणि आता शहराबाहेरचे प्लॉट. इथे थोडे थांबावे लागेल, कारण आपल्या समाजाचे सर्वांत जास्त पैसे इथेच बुडाले आहेत. ग्वाल्हेर हे दिल्लीचे 'काउंटर मॅग्नेट' होणार, म्हणून साडा नावाचे प्राधिकरण झाले, तिघऱ्याच्या बाजूला नवे शहर आखले गेले, प्लॉट विकले गेले. दशके लोटली, म्हणावी तशी वस्ती झाली नाही. ते तर सरकारी प्राधिकरण होते, कागद तरी खरे होते. खाजगी कॉलन्यांचे काय सांगावे? आता नवे निमित्त आहे आग्रा–ग्वाल्हेर सहापदरी मार्गाचे. सुमारे ८८ किलोमीटरच्या या रस्त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, तो आपल्याकडे सुसेऱ्याला येऊन मिळणार, आणि मंजुरीची बातमी आली की आसपासची शेते चुन्याच्या रेघा मारून 'सिटी' आणि 'एन्क्लेव्ह' होतात. मार्च २०२४ मध्ये विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, तो मुद्दाही दलालांच्या तोंडी असतोच. रस्ता होईल, विमाने येतील. पण त्या शेतात तुमचा नातू राहायला जाईल का, एवढाच प्रश्न विचारा.

ग्वाल्हेरमध्ये जमीन घेताना जे खड्डे आहेत ते इथल्याच इतिहासातले आहेत. पहिला खड्डा माफीच्या जमिनींचा. संस्थानाच्या काळात देवस्थानांना दिलेल्या या जमिनी माफी-औकाफच्या दप्तरी आहेत. मालक देव आहे, पुजारी फक्त व्यवस्थापक, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशाच्याच एका प्रकरणात पुन्हा सांगितले. तरी त्या विकल्या जातात, आणि विकत घेणारे आपल्यातलेही असतात. दुसरा सीलिंगचा. नागरी जमीन कमाल धारणेचा १९७६ चा कायदा इथे २००० साली संपला, पण त्याआधी सरकारजमा झालेल्या जमिनी सरकारच्याच राहिल्या, जुना मालक मात्र जुना खसरा दाखवून विकत राहतो. तिसरा खड्डा पट्ट्यांचा. भूमिहीनांना सरकारने दिलेला पट्टा कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकण्यावरही भू-राजस्व संहितेचे निर्बंध आहेत. चौथा, कुलमुखत्यारपत्रावरचे व्यवहार. त्याने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये ठासून सांगून झाले. खसरा आता ऑनलाईन दिसतो, तो घरी मुलाकडून काढून घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका. मागच्या तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वतः नेमलेल्या वकिलाकडून घ्या. विकणाऱ्याने सुचवलेला वकील नको.

नवीन प्रकल्प असेल तर रेराचा नंबर बघा. २०१६ चा हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. पाचशे चौरस मीटरहून मोठी जागा किंवा आठांहून जास्त घरे असतील तर नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. नंबर कागदावर छापलेला असणे वेगळे आणि रेराच्या संकेतस्थळावर तो उघडून बघणे वेगळे. मुदत कुठल्या तारखेची दिली आहे, ती आधी किती वेळा वाढवून घेतली आहे, हे तिथे कळते. पुण्यात मुलासाठी बुकिंग करणाऱ्यांनाही हेच लागू. मुलगा तिथे राहणार असेल तर जरूर घ्या. पण रिकामा ठेवण्यासाठी घेतलेला पुण्याचा फ्लॅट ही गुंतवणूक कमी आणि 'आमचे पुण्यातही आहे' असे म्हणण्याची सोय जास्त.

कराचे थोडक्यात. वाडा विकलाच तर २००१ च्या १ एप्रिलची किंमत मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून आधी काढून घ्या. जुलै २०२४ पासून नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, पण त्याआधी घेतलेल्या घरासाठी इथे राहणाऱ्याला महागाईची वजावट घेऊन वीस टक्क्यांचा जुना मार्गही निवडता येतो. दोन्ही हिशेब करून बघा. विकल्यापासून दोन वर्षांत दुसरे घर घेतले किंवा तीन वर्षांत बांधले तर नफ्यावरचा कर वाचतो. न्यू जर्सीच्या भावाच्या हिश्श्यावर खरेदीदार बराच जास्त कर कापील, त्याची तयारी त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर भांडण ठरलेले. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ-देऊ नका. "थोडे वरचे रोख" म्हणणाऱ्याशी व्यवहार मोडला तरी चालेल.

आता राज्यकर्त्यांबद्दल. बेकायदा कॉलन्यांचा खेळ बघा. शेत तोडून, डायव्हर्शन न करता, नकाशा मंजूर न करता प्लॉट विकायचे, लोकांनी घरे बांधली की निवडणुकीच्या तोंडावर त्या 'वैध' करायच्या. २०१९ साली उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने ज्या नियमाखाली हे चालले होते तो नियमच रद्द केला. २०२१ मध्ये सरकारने कायदा दुरुस्त करून पुन्हा वाट मोकळी केली. तिथे राहणाऱ्या गरिबाला नळ-रस्ता मिळू नये असे कुणीच म्हणणार नाही. पण ज्याने कॉलनी कापली तो मोकळा, आणि ज्याने सर्व परवानग्या घेऊन, पूर्ण मुद्रांक भरून घर घेतले तो मूर्ख, असा संदेश यातून जातो. २०२२ च्या महापालिका निवडणुकीत हा विषय आपण कुठल्याच उमेदवारापुढे नेटाने मांडला नाही. भाडेकायद्याचेही तसेच. केंद्राने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. लष्करातले अर्धेअधिक वाडे ज्या एका प्रश्नामुळे ढासळत आहेत त्याबद्दल आपल्या आमदारांचे मत काय, हे आपण त्यांना कधी विचारले आहे?

स्वागत-सत्काराला येणाऱ्या नेत्यांकडे आपण आजवर सभागृहाला पंखे आणि मूर्तीला मखर मागत आलो. पुढच्या निवडणुकीआधी येणाऱ्यांकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात असे मी सुचवतो. वारसा-नामांतरणाची प्रकरणे ठराविक मुदतीत निकाली काढण्यासाठी लष्करात वॉर्डनिहाय शिबिरे. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीला परवानगीची सोपी पद्धत, जेणेकरून छपराची कैची बदलायला नव्या इमारतीइतके कागद लागू नयेत. आणि माफी, सीलिंग व सरकारी जमिनींची खसरावार यादी प्रत्येक तहसिलीत दर्शनी भागात.

आणि आपल्या मंडळाला एक सूचना. आपल्यात निवृत्त राजस्व अधिकारी आहेत, दिवाणी वकील आहेत, बँकेत कर्जविभाग सांभाळलेली माणसे आहेत. महिन्यातून एका रविवारी दोन तास त्यांनी सभागृहात बसावे आणि ज्याला वाड्याचे किंवा घेऊ घातलेल्या घराचे कागद दाखवायचे आहेत त्याने ते आणावेत. फी नको, चहा मंडळाचा. येताना घरपट्टीची पावती, असेल ते वाटणीपत्र, आणि सगळ्या हिस्सेदारांची नावे, बहिणींसकट, एका कागदावर लिहून आणावीत.